पारबताने घेतलेली लाटेची झडती

ईरा आणि निहार,

गेल्या रविवारी फोनवर ईरा म्हणाली, "आजी, मी आता सर्फिंगला जात नाही. त्या लाटेने मला उलटंपालटं केल्यापासून मोठी लाट दिसली की पायच उचलत नाहीत." तुमची आई मागून म्हणाली, बरंच झालं, अभ्यास होईल. निहार हसला. समुद्राबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. मी समुद्र पाहिला तो घोट्यापर्यंतच, तोही साडी भिजू न देता. पण फोन ठेवल्यावर दिवसभर मला पारबता आठवत राहिली. तिच्याविषयी तुमच्यासाठी लिहून ठेवायचं कधीपासून मनात होतं. क्रमाने लिहिते, म्हणजे वाचताना घोटाळा होणार नाही.

गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी चढत आलं तेव्हा वैनगंगेकाठची कितीतरी गावं उठली आणि वर माळावर पुन्हा वसली. आमचं गाव त्यातलंच एक. गावाबरोबर शाळा वर आली आणि शाळेबरोबर मी. इंग्रजी शिकवत होते. निवृत्त झाल्यावरही तिथेच राहिले. पारबता माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. ढिवरांच्या घरची, म्हणजे मासेमारी पिढीजात. ठेंगणी, रुंद पावलांची, आणि समोरचा माणूस बोलत असला की एक डोळा बारीक करून ऐकणारी. त्या बारीक डोळ्याने ती काय तोलत असे ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. तिचा कशावरही विश्वास नव्हता.

"असन," हा तिचा शब्द. असेल, या अर्थी. पण तिच्या तोंडी त्याचा अर्थ 'नसणारच' असा व्हायचा. मी म्हणाले, फोनमध्ये उद्या पाऊस दाखवलाय. "असन. फोन तर घरात राहते, त्याले बाहेरचं काय मालूम?" डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, कवडूला, गोळ्या दिल्या की पाकिटातला कागद ती माझ्याकडून वाचून घेई, मान डोलावे, आणि तोच कागद घेऊन गणिताच्या सरांकडे जाई. दोघांचं जुळलं तरच गोळी कवडूच्या पोटात. एकदा सरांनी घाईत एक ओळ गाळली, तर आम्हा दोघांना तिने रस्त्यात समोरासमोर उभं केलं होतं.

मासे घेऊन दारात आली की टोपलीवरची पळसाची ओली पानं बाजूला करी, रोहूचा कल्ला अंगठ्याने वर उचली आणि लाल रंग माझ्या नाकाशी धरी.

"पाहून घ्या म्याडम. मागून म्हनान पारबतानं शिळी मासोळी देल्ली."

"मी असं कधी म्हणाले गं?"

"म्हनत नाही, तेच तर! मनात ठेवता."

स्वतः ती सगळ्यांवर संशय घ्यायची, म्हणून सगळे तिच्यावर घेत असणार अशी तिची खात्री होती. हा एक प्रकारचा प्रामाणिकपणाच, असं मला पुढे वाटू लागलं. माझ्या फ्रिजकडे तर ती परक्या कुत्र्याकडे पाहावं तशी पाहायची. "मेलेल्या मासोळीले अजून एकदा मारता तुम्ही लोकं."

पाण्यावर मात्र तिचा एके काळी विश्वास होता. तो जुन्या गावच्या तलावावर. तिचं बालपण त्या तलावात गेलं. हिवाळ्यात छातीभर पाण्यात उतरून शिंगाडे तोडायचे, उन्हाळ्यात झिंगे धरायचे. ती पोहायला शिकली कधी ते तिला आठवत नव्हतं, जसं आपल्याला चालायला शिकल्याचं आठवत नाही. त्या तलावाबद्दल बोलताना तिचा बारीक डोळा पूर्ण उघडायचा.

"तलावाचं पानी म्हंजे घरची गाय. हे धरनाचं पानी कोनाचं? कुठून येते, कुठं जाते, रातभरात चढते, सकारी उतरते. याचा भरोसा कायचा?" नावेत पाय ठेवण्याआधी ती बोट पाण्यात बुडवून जिभेला लावायची. काय कळायचं त्यातून, तीच जाणे. विचारलं तर म्हणायची, "काहीच नाही समजत. पन त्याले मालूम पडाव का आपून तपासतो म्हून."

(तिच्या बोलण्यात 'मी जातो, मी करतो' वाचून चकित होऊ नका. आमच्या भागात बायकाही असंच बोलतात.)

आता लाटेकडे येते. ईरा, तुझ्या समुद्रापुढे आमची लाट ती काय? कमरेएवढी, फार तर छातीएवढी. पण धरणाचं पाणी नजर पोचत नाही इतकं रुंद आहे. वैशाखात दुपारनंतर वावधन सुटतं, सोसाट्याचा वारा, आणि त्या उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काहीच नसतं. नाव असते दोन माणसांची, चपटी, काठ वीतभर पाण्यावर. तिच्यासाठी छातीएवढी लाट म्हणजे भिंतच.

अशाच एका दुपारी पारबता आणि कवडू जाळं ओढत होते. वारा सुटला. लाट दिसली तशी पारबता ओरडली, "काठाले! काठाले चला!" आणि दोघांनी नाव वळवली. तलावातली सगळी माणसं हेच करतात. तलावाचा काठ हाकेच्या अंतरावर असतो. वारा आला की काठ गाठायचा, हे त्यांच्या हातापायांना शिकवावं लागत नाही. पण इथे काठ लांब. वळताना नाव लाटेला आडवी झाली. शिवाय काठाजवळ बुडालेली झाडं उभी आहेत, न तोडलेली, वाळून काळी पडलेली, काही पाण्याच्या वर, काही वीतभर खाली. नाव उलटली ती त्या झाडांत. कवडूची पाठ एका खोडावर आपटली. पारबता एका फांदीला धरून राहिली, आणि प्रत्येक लाट तिला त्या फांदीवर घासत राहिली.

दोघांना वाचवलं ते कवडूच्या धाकट्या भावाने, सोमाने. तो एका दुसऱ्या माणसाच्या नावेवर कामाला होता; स्वतःची नाव नव्हती. हसरा, बढाईखोर, सतत काहीतरी गुणगुणणारा. त्याने दोघांना ओढून घेतलं, उलटलेली नावही दोरीने बांधून आणली. गावाने त्याला डोक्यावर घेतलं.

पारबताने नाही. काही दिवसांनी ती माझ्या ओट्यावर बसली, पदराने खरचटलेला दंड झाकला आणि म्हणाली, "म्याडम, एक गोष्ट सांगा. सोमा इतक्या लवकर आला कसा?"

"जवळ असेल."

"जवळ नोहता. त्याची नाव तिकडं, टेकडीच्या अंगाले होती. वावधनात मानूस आपला जीव पाह्यते. हा काहून इकडं आला? त्याले मालूम होतं का, आमची नाव उलटनार म्हून?"

"अगं, त्याने जीव वाचवला तुझा!"

"असन," ती म्हणाली.

कवडूची पाठ बरी झाली, पण वल्हं मारण्याइतकी नाही. पारबताची पाठ धड होती. ती पाण्यावर जाईना. जाळं उंदराने कुरतडलं म्हणाली. मग नावेला भेग आहे म्हणाली. मग अमावस्या. मग दोन महिने कवडूचं दुखणं. कारणं नवी नवी असत आणि प्रत्येक कारण सांगताना ती आपण होऊन शपथ घेत असे, त्यावरून मला शंका यायची. ज्या बाईने कधी कोणाच्या शपथेवर विश्वास ठेवला नाही, ती स्वतः शपथा का घेते? एकदा मी तिला पाहिलं. वारा होता. ती काठावर उभी होती, नावेची दोरी हातात, आणि पाय चिखलात रोवलेले, बैल अडून बसतो तसे. लाट फुटली की तिचे खांदे कानांपर्यंत वर जात. मी दिसताच म्हणाली, "दोरी कच्ची आहे का पाह्यतो."

ती नाव मच्छीमार सोसायटीची. एका घराला एक, अशी दिलेली. वापरली नाही तर दुसऱ्या सभासदाला जायची. होळी झाल्यावर सोसायटीचे अध्यक्ष घरी आले. म्हातारे, सरळ माणूस. म्हणाले, "पारबता, नाव सुकून राहिली. उन्हाळ्याच्या वाऱ्यात ते सांभाळून दाखवशीन तर नाव तुहीच. नाही तर अक्षय तृतीयेले सोमाले देतो. तो मांगून राहिला."

"मांगनारच," पारबता म्हणाली. अध्यक्ष गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "पाह्यलं म्याडम? आता समजलं काहून वाचवलं? नाव उलटली, मंग कवडू बसला, मंग नाव त्याची. न् मी त्याच्या घरी जाळे धूत बसीन. पारबता, हे धू. पारबता, ते वाळू घाल."

नाव गेली तर ती दिराच्या घरची मजूर होणार होती, हे मात्र खरं होतं. तिच्या संशयांची हीच पंचाईत होती. दहातला एखादा बरोबर निघायचा आणि मग बाकीचे नऊ तिला सोडवत नसत.

तिला धीर यावा म्हणून गणिताच्या सरांनी कुठून तरी एक नारिंगी लाइफ जॅकेट आणून दिलं. तिने ते दाबलं, हुंगलं, उन्हात धरून आरपार पाहिलं. मग घरातला मसाल्याचा पाटा त्यात बांधला आणि बोडीत, म्हणजे गावाच्या मागच्या लहान तळ्यात, सोडला. पाटा जॅकेटसकट तळाला गेला.

"पाहा!" ती विजयाने म्हणाली.

बोडीच्या काठाशी खाट टाकून पडलेला कवडू म्हणाला, "तू पाटा आहेस का?"

"तुम्हीच तर म्हनता, दगड बायको भेटली म्हून."

पाटा काढायला सोमाच पाण्यात उतरला. वर आल्यावर ती गोड आवाजात म्हणाली, "सोमा, जरा घालून तर दाखव, कसं दिसते ते." त्याने हौसेने पट्टे आवळले, छाती फुगवली, आणि तिने त्याला मागून ढकललं. सोमा बुडाला नाही. बुचासारखा वर आला आणि शिव्या देत तरंगत राहिला. पोरंबाळं, म्हातारे, सगळे हसून लोटपोट. पारबता मात्र गंभीर. "त्याचं डोस्कं हलकं आहे," ती म्हणाली. "त्यानं काही शाबित नाही होत."

मग तिने लाटेचीच झडती घ्यायचं ठरवलं. तसं ती बोलली नाही. पण चैत्रातल्या दुपारी वारा सुटला की ती काठावरच्या दगडावर जाऊन बसू लागली. एक डोळा बारीक. सोबत वाळलेले तुंबे, म्हणजे कडू भोपळे, प्रत्येकाच्या बुडाला जाळ्याचा लहानसा दगड आवळलेला, तळाला टेकण्यासाठी नव्हे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. येणाजाणाऱ्या नावांना ती तुंबे देई: एक तिथं सोड, एक झाडाजवळ, एक अगदी मधात, भर पान्यात. लोक विचारत, "काहो पारबताबाई, पान्यात भोपळ्याची वाडी लावून राहिल्या का?" कवडू म्हणायचा, "तीस वर्षं माह्यावर नजर ठेवली. आता लाटेची पाळी. मले थोडा आराम आहे."

एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती घामाघूम. दोन फुटके तुंबे माझ्या ओट्यावर ठेवले.

"हे काठाजवळचे. हा झाडावर आपटला, हा खडकावर. न् मधातला आहे तिथंच आहे. दुपारपासून. लाट येते, त्याले उचलते, ठेवते. दुसरी येते, उचलते, ठेवते. नेत नाही कुठंच."

"म्हणजे?"

"म्हंजे लाट खोटी आहे म्याडम!" तिला राग आला होता, फसवलं गेल्यावर येतो तसा. "एवढी मोठी भिंत घेऊन अंगावर येते, न् करत काहीच नाही. मारते तो काठ. ज्याच्याकडं आपून पळतो तो. मी इतके दिवस भलत्यालेच भेत होती."

मग फुटका तुंबा हातात फिरवत म्हणाली, "पन तुंब्याले हात नाही. तो आडवा होत नाही. मानूस होते. तोंड लाटेकडं ठेवलं पायजे. हे हात ठेवू देतीन का, तेच मालूम नाही."

नाव एकट्याने सांभाळता येत नाही. पुढे एक, मागे एक लागतो. उन्हाळा भरात, सगळे आपापल्या नावांवर. रिकामा होता फक्त सोमा; त्याच्या मालकाची नाव डागडुजीला गेली होती. तो आपण होऊन म्हणाला, "वयनी, मी येतो."

पारबताने रात्रभर विचार केला असावा. सकाळी तिची अट तयार होती. सोमाने पुढे बसायचं, तिने मागे. "याची पाठ माह्या डोळ्यापुढं पायजे."

दुपारी आम्ही सगळे काठावर होतो. कवडूला खुर्ची नेली होती. अध्यक्ष छत्री घेऊन उभे. पारबताने नारिंगी जॅकेट घातलं, वरून पदर घेतला. बोट पाण्यात बुडवून चाखलं. नाव झाडांतून बाहेर पडली, उघड्या पाण्यात गेली, आणि मग वारा आला.

पुढचं मी काठावरून पाहिलं ते थोडंच: नाव वर चढते, नाहीशी होते, पुन्हा दिसते. एकदा ती तिरकी होऊ लागलेली दिसली. कवडू खुर्चीतून अर्धा उठला आणि पाठ धरून पुन्हा बसला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग मागच्या आकृतीने वल्हं उचललं, काहीतरी केलं, आणि नाव सरळ झाली. वारा पडेपर्यंत ती तिथेच होती, एकाच जागी वरखाली होत. मग सावकाश, झाडांना वळसा घालून, परत आली.

नावेत काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. सोमा किनाऱ्यावर उतरला तो ओकत. "म्याडम, वयनीनं मले वल्ह्यानं मारलं! पाठीत!"

"मारलं नाही," पारबता म्हणाली, "लागलं."

मोठी लाट दिसताच ओरडला होता तो सोमा. "वयनी, काठाले! काठाले घे!" आणि त्याने पुढून नाव वळवायला घेतली. पारबताचेही हात वळायला निघाले होते. ते तिने माझ्यापाशी कबूल केलं. "माह्ये हात माह्ये नोहते म्याडम. ते काठाले चालले होते. पन त्याची पाठ पाह्यली. थरथर कापून राहिला होता. म्हटलं, हा नाव उलटवाले नाही वळवत. हा तर भेऊन राहिला. मंग मले राग आला, का दोघं सारखेच येडे. न् देल्ली एक."

फटका बसल्यावर सोमा रडत बोलला होता. त्या दिवशीही आपण काठाकडेच पळत होतो, वहिनीची नाव वाटेत आली म्हणून थांबलो, वाचवायला म्हणून आलोच नव्हतो.

हे सांगताना पारबताचा चेहरा सण असल्यासारखा होता. "भेकड निघाला बाप्पा! मी त्याले हरामी समजत होती. साधा भेकड निघाला, माह्यासारखा!" त्या दिवसापासून तिने सोमाला आपल्या नावेवर कायमचा घेतला, आणि पुढच्याच बाजूला बसवला. सोमा ते भीतीपोटी खरं बोलला, की वहिनीचा राग निवावा म्हणून वेळेवर सुचलेलं बोलला, याबद्दल माझ्या मनात आजही शंका आहे. तिच्या शेजारी इतकी वर्षं काढली, त्याचा हा परिणाम.

अध्यक्षांनी छत्री मिटली आणि म्हणाले, "नाव तुही, बाई."

"चार लोकाइपुढं अजून एकदा म्हना," पारबता म्हणाली. त्यांनी म्हटलं.

मी पुढे एकदा विचारलं, "मग भीती गेली का?"

"कुठं गेली? दर वावधनाले येते. आली का मी तिले म्हनतो, बस बाई, आलीस तर बस. पन वल्ह्याले हात नको लावू."

ईरा, तू पाण्यात जा असं मी म्हणत नाही. तुझ्या लाटा तुंब्याला कुठे नेतात, मला माहीत नाही. तुझ्या आईचा शब्द मोडायलाही मी सांगणार नाही. मी फक्त पारबताबद्दल लिहिते आहे.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या उपचारासाठी मी भंडाऱ्याला राहायला आले. निघायच्या दिवशी सामान एसटीच्या थांब्यावर पाठवलं आणि तिचा निरोप घ्यायला काठावर गेले. आभाळ भरून आलं होतं, वारा होता, बाकीच्या नावा काठाला ओढून ठेवल्या होत्या. तिची नाव आत होती. मी हाक मारली. तिने ऐकली, मान अर्धी वळली, आणि तिथेच थांबली, कारण समोरून लाट येत होती. वाऱ्यातून तिचा आवाज आला, माझ्यासाठी नव्हता, सोमासाठी होता: "अबे पुढं पाह्य, म्याडमकडं नको पाहू!" नाव लाटेमागे गेली. मी थांबले. वर आली. पुन्हा गेली, पुन्हा वर आली. थांब्यावरून एसटीचा हॉर्न ऐकू येत होता. मी आणखी एक लाट थांबले.